१९४जे खाली टीडीएस, विवरणपत्रात पगार: आलेल्या नोटिशीला उत्तर देण्यापूर्वी

तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत पुन्हा मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असल्यास ती इथेच लक्षात येईल. तुम्ही पुण्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात महिना ६५,००० रुपये एकत्रित मानधनावर शिकवता. शिवाय दर शनिवारी दुसऱ्या एका संस्थेत तासिका तत्त्वावर शिकवल्याचे वर्षभरात १,४४,००० रुपये मिळाले. दोन्ही संस्थांनी कलम १९४जे (व्यावसायिक शुल्क) खाली दहा टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा कर, कापला. आर्थिक वर्ष २०२३-२४ चे विवरणपत्र तुम्ही जुलै २०२४ मध्ये आयटीआर-१ या पगारदारांच्या फॉर्ममध्ये, जुनी करप्रणाली निवडून भरले, संपूर्ण ९,२४,००० रुपये पगार म्हणून दाखवले आणि कापले गेलेले ९२,४०० रुपये परत मागितले. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, ४ नोव्हेंबर २०२४ ला, कलम १३९(९) खाली ‘सदोष विवरणपत्रा’ची नोटीस आली. टीडीएस व्यावसायिक शुल्कावर कापलेला असताना ते उत्पन्न व्यवसायाच्या शीर्षाखाली दिसत नाही, असे तिचे म्हणणे आहे. एका सहकाऱ्याने सुचवले की आयटीआर-४ भरा, निम्मे उत्पन्न दाखवा आणि मोकळ्या व्हा. तसे करावे का, हा तुमचा प्रश्न.

तसे करू नये, हे माझे उत्तर आहे. मात्र ‘काय करावे’ याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, कारण ते तुम्ही प्रश्नात न लिहिलेल्या काही गोष्टींवर अवलंबून आहे.

प्रथम मुदतीविषयी. नोटीस कळवल्यापासून १५ दिवसांत उत्तर द्यायचे असते, म्हणजे तुमच्या बाबतीत १९ नोव्हेंबरपर्यंत. वेळ कमी पडत असेल तर मुदतवाढ मागता येते, पण ती मिळेल असे गृहीत धरून बसू नये. नोटीस बंगळुरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्राकडून आलेली आहे, त्यामुळे साधू वासवानी रस्त्यावरच्या आयकर भवनात खेटे घालण्याची गरज नाही. सर्व व्यवहार ई-फायलिंग पोर्टलवरच होतो. नोटिशीवर दस्तऐवज ओळख क्रमांक असतो, तो पोर्टलवर तपासून नोटीस खरी असल्याची खात्री करून घ्या. त्याच वेळी तुमच्या खात्यात कोणाचा ई-मेल आणि कोणाचा मोबाइल क्रमांक नोंदवला आहे तेही पाहा. माझ्याकडे एक चित्रकला शिक्षक आले होते. त्यांची नोटीस दोन महिने त्यांच्या जुन्या करसल्लागाराच्या मेलमध्ये पडून होती आणि ते इकडे परताव्याची वाट पाहत होते.

मुदत चुकली तर नेमके काय बिघडते, हे बहुतेकांना ठाऊक नसते. उत्तर दिले नाही किंवा दोष दूर झाला नाही, तर विवरणपत्र अवैध ठरू शकते, म्हणजे तुम्ही ते भरलेच नव्हते असे मानले जाते. त्यानंतर ३१ डिसेंबरपर्यंत विलंबित विवरणपत्र भरता येईल, पण त्याला ५,००० रुपये विलंब शुल्क लागेल. त्याहून मोठा फटका असा की मूळ मुदतीनंतर भरलेल्या विवरणपत्रात आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून जुनी करप्रणाली निवडताच येत नाही. तुमची कलम ८०सी ची दीड लाखाची वजावट, आरोग्य विम्याचे २५,००० रुपये आणि गृहकर्जाच्या व्याजाचे दोन लाख या सर्वांवर पाणी सोडावे लागेल. आज शून्य असलेला तुमचा कर नव्या प्रणालीत सुमारे ४४,००० रुपये होईल. म्हणून उत्तर अपुरे वाटले तरी ते मुदतीत जाणे महत्त्वाचे आहे.

आता मुख्य मुद्दा. टीडीएस कोणत्या कलमाखाली कापला यावरून उत्पन्नाचे शीर्ष ठरत नाही. प्राप्तिकर कायद्याच्या कलम १४ मध्ये पगार, घरापासूनचे उत्पन्न, व्यवसाय, भांडवली नफा आणि इतर मार्ग अशी पाच शीर्षे आहेत, आणि कोणते उत्पन्न कुठे जाईल हे पैसे देणारा आणि घेणारा यांच्यातील नात्यावरून ठरते. मालक-नोकराचे नाते असेल तर तो पगार. ते नसेल आणि तुम्ही स्वतंत्रपणे सेवा देत असाल तर व्यवसाय. महाविद्यालयाच्या लेखा विभागाने कोणते कलम लावले, हे त्या विभागाचे मत झाले. ते मत पुष्कळदा बरोबर असते, पण कंत्राटी शिक्षकांच्या बाबतीत मी ते अनेकदा चुकलेले पाहिले आहे. पगारावरच्या टीडीएसच्या कलम १९२ खाली कर कापायचा तर लेखा विभागाला त्या माणसाच्या वर्षाच्या उत्पन्नाचा अंदाज घ्यावा लागतो, त्याच्या वजावटींचे पुरावे गोळा करावे लागतात आणि फॉर्म १६ द्यावा लागतो. १९४जे खाली सरसकट दहा टक्के कापले की काम संपते. हा सोपा मार्ग ‘मानधन’ या शब्दाच्या आडोशाने निवडला जातो. पत्रावर मानधन लिहिले म्हणून पगार व्यवसाय होत नाही, आणि पगार लिहिले म्हणून व्यवसायही पगार होत नाही.

तुम्हाला आलेली नोटीस माणसाने विचार करून लिहिलेली नाही. संगणकाने २६एएस (तुमच्या नावे कापलेल्या कराचा तक्ता) मधील कलमाचा रकाना आणि तुमच्या विवरणपत्रातील रकाना समोरासमोर ठेवले, ते जुळले नाहीत, म्हणून त्याने विचारले. याला मी आरोप मानत नाही, प्रश्न मानतो. प्रश्नाला ‘हो, चुकले’ असे उत्तर देण्यापूर्वी खरेच चुकले आहे का ते पाहिले पाहिजे. घाबरून ‘सहमत’ या पर्यायावर टिचकी मारणारे लोक मला दरवर्षी भेटतात.

म्हणून दोन्ही संस्थांचा विचार वेगवेगळा करा. तुम्ही तो एकत्र केला आहे आणि सहकाऱ्याचा सल्लाही दोन्हींना एकाच दावणीला बांधतो.

पहिले महाविद्यालय. नियुक्तिपत्र काढून वाचा. दरमहा ठरलेली रक्कम, बायोमेट्रिक हजेरी, विभागप्रमुखांनी आखलेले वेळापत्रक, रजेचे नियम, परीक्षा पर्यवेक्षणाची आणि उत्तरपत्रिका तपासणीची सक्ती, स्वतःऐवजी दुसऱ्याला तासावर पाठवण्याची मुभा नसणे, नोटीस कालावधी, हे सारे असेल तर माझ्या मते ते नोकरीचेच नाते आहे, मग करार अकरा महिन्यांचा असो वा तीन वर्षांचा. भविष्य निर्वाह निधी कापला जात नाही म्हणून नोकरी नाही, असे म्हणता येत नाही; ती केवळ एक खूण आहे. आपल्या राज्यात आणखी एक खूण उपयोगी पडते, ती म्हणजे व्यवसाय कर. तुमच्या मासिक रकमेतून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जात असतील, तर महाविद्यालय स्वतःच तुम्हाला कर्मचारी मानून तो कर भरत आहे आणि तो कागद तुमच्या बाजूने बोलतो. (महिलांना महिन्याला २५,००० रुपयांपर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर नाही, पण ६५,००० ला ती सवलत लागू नाही.) याउलट, पत्रात ‘सल्लागार’ म्हटले असेल, तुम्ही दरमहा बिल देत असाल आणि वेळ व पद्धत तुम्ही ठरवत असाल, तर लेखा विभाग बरोबर आहे आणि पगार दाखवण्यात तुमची चूक झाली.

दुसरी, शनिवारची संस्था. इथे तीन शक्यता आहेत आणि तिन्ही तुम्हाला तपासाव्या लागतील. तासावर पैसे मिळतात म्हणून तो पगार नसतो, हा समज खरा नाही. सत्रभराचे नियुक्तिपत्र, संस्थेचे वेळापत्रक, गुणदानाची जबाबदारी आणि संस्थेचे नियंत्रण असेल तर अर्धवेळ नोकरीही नोकरीच असते आणि माणसाला दोन मालक असू शकतात. दुसरी शक्यता अशी की असे काही नाही, तुम्ही स्वतःचा विषय स्वतःच्या पद्धतीने शिकवता, तासांची यादी देता आणि पैसे घेता. वर्षभर दर शनिवारी असे चालत असेल तर तो व्यवसाय आहे असेच मी म्हणेन. तिसरी शक्यता, वर्षातून एखाद-दुसरे व्याख्यान किंवा एकच छोटी कार्यशाळा. त्यात सातत्य नसल्याने ते ‘इतर मार्गांनी मिळालेले उत्पन्न’ म्हणून दाखवणे मला पटते. १,४४,००० ही रक्कम पाहता तिसरी शक्यता तुमच्या बाबतीत दुबळी वाटते, पण ती पूर्णपणे नाकारता येण्याजोगी माहिती माझ्यापुढे नाही.

ही छाननी मी एवढ्या बारकाईने का करायला सांगतो, ते आकड्यांवरून दिसेल. दोन्ही रकमा पगार धरल्या तर ९,२४,००० मधून ५०,००० ची प्रमाणित वजावट, दोन लाख व्याज आणि १,७५,००० च्या वजावटी वजा होऊन ४,९९,००० उरतात. पाच लाखांच्या आत असल्याने कलम ८७ए च्या सवलतीमुळे कर शून्य. शनिवारची रक्कम खर्च न मागता ‘इतर मार्ग’ मध्ये नेली तरी बेरीज तीच राहते, ४,९९,०००, कर शून्य. म्हणजे या दोन मांडण्यांत सरकारचा एक पैसाही बुडत नाही आणि तुमचाही जात नाही. पण शनिवारचे उत्पन्न व्यवसाय ठरले की चित्र पालटते, आणि ते त्या १,४४,००० मुळे पालटत नाही. व्यवसायाचे उत्पन्न असलेल्या व्यक्तीला जुनी प्रणाली हवी असेल तर फॉर्म १०-आयईए विवरणपत्राच्या मूळ मुदतीत, म्हणजे ३१ जुलै २०२४ पर्यंत, भरलेला असावा लागतो. आयटीआर-१ भरणाऱ्या पगारदाराला तो लागत नाही, म्हणून तुम्ही तो भरलेला नाही. परिणामी सगळेच उत्पन्न नव्या प्रणालीत जाते. शनिवारच्या कामाचा प्रवास, पुस्तके, इंटरनेट असा २४,००० रुपयांचा खरा खर्च धरला, तर प्रमाणित वजावटीनंतरचा ७,३०,००० पगार अधिक १,२०,००० मिळून ८,५०,००० वर उपकरासह ४१,६०० रुपये कर येतो आणि परतावा ९२,४०० ऐवजी ५०,८०० उरतो.

म्हणजे ‘शीर्षच तर बदलायचे आहे, बदलून टाकू’ असे म्हणत केलेल्या दुरुस्तीची किंमत ४१,६०० रुपये असू शकते. तरीही एक गोष्ट स्पष्टपणे लिहितो. कर वाचतो म्हणून शीर्ष निवडायचे नसते. शनिवारचे काम खरोखर व्यवसाय असेल तर ते व्यवसायातच दाखवा. फॉर्मच्या विलंबाला माफी मिळावी म्हणून कलम ११९(२)(ब) खाली अर्ज करण्याचा मार्ग आहे, पण तो लांबचा आहे आणि त्यात यश मिळेलच असे मी माझ्या अशिलांना सांगत नाही.

आता सहकाऱ्याच्या सल्ल्याकडे वळू. आयटीआर-४ मध्ये निम्मे उत्पन्न दाखवण्याची सोय कलम ४४एडीए ची आहे. ती कलम ४४एए(१) मध्ये नमूद आणि अधिसूचित केलेल्या व्यवसायांनाच मिळते: वकिली, वैद्यकी, अभियांत्रिकी, वास्तुरचना, लेखापालन, तांत्रिक सल्ला, अंतर्गत सजावट आणि अधिसूचित झालेले आणखी काही. त्या यादीत अध्यापन नाही. अभियांत्रिकी शिकवणे म्हणजे अभियंता म्हणून व्यवसाय करणे, असा युक्तिवाद करणारे आहेत, पण त्यावर माझ्या अशिलाची सही घ्यायला मी धजावत नाही. शिवाय पहिल्या महाविद्यालयाचे ७,८०,००० हे पगार असतील तर त्यांचे निम्मे करण्याचा प्रश्नच येत नाही. ९,२४,००० चे ४,६२,००० करून पूर्ण परतावा मिळाला तरी तो टिकेल याची खात्री नाही. पुढे छाननी झाली तर कमी दाखवलेल्या उत्पन्नावरील कराच्या ५० टक्के, आणि चुकीची माहिती दिल्याचे ठरले तर २०० टक्के दंडाची तरतूद कलम २७०ए मध्ये आहे. सहकाऱ्याला परतावा मिळाला असेलही. परतावा खात्यात जमा होणे आणि विवरणपत्र बरोबर असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. अध्यापन व्यवसायात दाखवायचेच असेल तर आयटीआर-३, प्रत्यक्ष खर्च आणि त्याचे साधे हिशेब, हाच सरळ मार्ग आहे. उत्पन्न अडीच लाखांच्या आत असले तर हिशेबवह्यांची सक्तीही नसते.

उत्तर प्रत्यक्ष कसे द्यावे हे वरील निर्णयावर ठरेल. दोन्ही ठिकाणी नोकरीच आहे असे कागदांवरून दिसत असेल तर ‘असहमत’ हा पर्याय निवडून कारण लिहावे. पहिले नोकरी आणि दुसरे नाही, असे असेल तर विवरणपत्रात अंशतः दोष आहेच. तेव्हा ‘सहमत’ म्हणून त्या नोटिशीच्या उत्तरातच दुरुस्त विवरणपत्र जोडावे, ज्यात पहिली रक्कम पगारातच राहील आणि फक्त दुसरी योग्य शीर्षाखाली जाईल. ‘सहमत’ म्हटले म्हणजे सगळे पैसे व्यवसायात ढकलावे लागतात, असे नाही. विवरणपत्र भरताना नोटिशीचा क्रमांक आणि तारीख अचूक टाका आणि ३० दिवसांची वाट न पाहता त्याच दिवशी ई-पडताळणी करा. नोटीस बाजूला ठेवून स्वतंत्रपणे कलम १३९(५) चे सुधारित विवरणपत्र भरण्याचा सल्लाही तुम्हाला कोणी देईल. मी तो देत नाही, कारण त्याने नोटिशीची मुदत थांबत नाही.

कारण लिहिताना आवर घाला. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका साध्या नोटिशीला निवाड्यांचे दाखले भरलेले तीन पानी उत्तर धाडले होते आणि विचारलेली एक गोष्टच त्यात लिहायची राहून गेली होती. तुमच्या उत्तराचा आशय एवढाच असावा: ‘संबंधित महाविद्यालयाकडून मिळालेले ७,८०,००० रुपये हे अमुक तारखेच्या नियुक्तिपत्रानुसार, मालक व कर्मचारी या नात्याने मिळालेला पगार आहे. महाविद्यालयाने टीडीएस कलम १९४जे खाली कापला असला तरी त्यामुळे उत्पन्नाचे स्वरूप बदलत नाही. संपूर्ण रक्कम विवरणपत्रात दाखवलेली आहे आणि नियम ३७बीए नुसार त्याच वर्षाच्या टीडीएसची मागणी केली आहे.’ शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. टीडीएसचे श्रेय ते उत्पन्न ज्या वर्षी करपात्र आहे त्या वर्षी मिळते. शीर्ष वेगळे आहे म्हणून ते नाकारता येत नाही. उत्तर गेल्यावर पोचपावती आणि पाठवलेल्या मजकुराची प्रत जपून ठेवा. संगणक त्याच रकान्यांवर पुन्हा अडून दुसरी नोटीस पाठवण्याची शक्यता आहे, आणि तसे झाले तर तेच उत्तर, तेच कागद, शब्दही न बदलता पुन्हा द्यावेत. दोन उत्तरांत दोन कारणे दिसली की संशयाला जागा होते.

मागच्या वर्षांची विवरणपत्रेही एकदा पाहा. याच महाविद्यालयाचे मानधन तुम्ही आधी व्यवसायात दाखवले असेल आणि या वर्षी अचानक पगारात आणले असेल, तर त्या बदलाचे कारण तुमच्याकडे तयार हवे. ते नसेल तर मी तुमची बाजू एवढ्या ठामपणे मांडणार नाही.

आज-उद्या करण्याचे काम एकच आहे. महाविद्यालयाच्या आस्थापना विभागाकडून, तुम्ही अमुक तारखेपासून पूर्णवेळ कंत्राटी कर्मचारी आहात, असे लेटरहेडवरचे दोन ओळींचे पत्र मिळवा. ‘टीडीएस चुकीच्या कलमात कापला, विवरण दुरुस्त करा’ अशी मागणी आत्ता सुरुवातीलाच केली तर लेखा विभाग बचावाच्या पवित्र्यात जाईल आणि हे पत्रही अडकेल. मागील वर्षाची नोंद २६क्यू (पगाराव्यतिरिक्त रकमांचे टीडीएस विवरण) मधून काढून २४क्यू (पगाराचे टीडीएस विवरण) मध्ये घालणे त्यांच्यासाठी किचकट काम आहे, आणि तुमच्या उत्तराला त्याची आवश्यकताही नाही. पत्र हातात आल्यावर, नोटिशीचा विषय मिटल्यावर, चालू वर्षाचे उरलेले महिने तरी कलम १९२ खाली कर कापावा अशी लेखी विनंती त्यांना करा. शनिवारच्या संस्थेचे पत्र वाचून ते वर सांगितलेल्या तीन शक्यतांपैकी कशात बसते ते मला कळवलेत, तर १९ तारखेपूर्वी त्यावर नक्की मत देईन.